प्रॉमचा दरवाजा: अमेरिकन शाळांतील कपड्यांचे नियम नेमके कोणाला अडवतात?

अमेरिकेत हायस्कूलचे शेवटचे वर्ष संपत आले की एप्रिल-मेच्या सुमारास शाळेतर्फे एक औपचारिक नृत्यसंध्या होते. तिला 'प्रॉम' म्हणतात. आपल्याकडच्या निरोप समारंभाची ही थोरली आणि खर्चिक बहीण म्हणायला हरकत नाही. मुली पायघोळ गाऊन घालतात, मुले भाड्याने आणलेला टक्सिडो किंवा सूट घालतात, मनगटावर फुलांचा गजरा, कोटाला फूल, फोटो, मग हॉल आणि नाच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही प्रथा ईशान्य अमेरिकेतील श्रीमंत कॉलेजांत सुरू झाली आणि विसाव्या शतकात हायस्कुलांपर्यंत उतरली. वरच्या वर्गाची रीतभात मध्यमवर्गीय मुलांना शिकवणे हा तिचा मूळ हेतू. समाजशास्त्रात ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात, त्याची ही एका रात्रीची शिकवणीच.

आम्ही वस्त्यांमध्ये किशोरवयीन मुलामुलींसोबत काम करतो. त्यांच्या मोबाइलवर प्रॉमचे रील रोज येतात. मुंबई-पुण्यातील काही इंटरनॅशनल शाळांत प्रॉम याच नावाचे कार्यक्रम आता होऊ लागले आहेत. रीलमध्ये दिसते ती चमचम. त्या हॉलच्या दारात गेल्या साठ-सत्तर वर्षांत जे घडले ते रीलमध्ये येत नाही. वर्ण, लिंग आणि वर्ग यांची भांडणे अमेरिकन समाजाने ज्या छोट्या-छोट्या जागांत लढली, त्यांतली ही एक जागा आहे. चळवळीत काम करणाऱ्या आपल्या तरुणांना ती माहीत असावी, असे आम्हाला वाटते.

सुरुवात कपड्यांपासून नको, दारापासून करू.

१९५४ मध्ये ब्राउन खटल्याच्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवले. दक्षिणेकडील राज्यांनी तो निकाल वर्षानुवर्षे टाळला. अखेर १९७० च्या आसपास गोरी आणि काळी मुले एका वर्गात बसू लागली, तेव्हा अनेक गावांतील शाळांनी एक साधी युक्ती केली: शाळेने प्रॉम भरवायचाच बंद केला. गोऱ्या पालकांनी गोऱ्या मुलांसाठी खासगी प्रॉम सुरू केला आणि काळ्या पालकांना आपल्या मुलांसाठी वेगळा करावा लागला. कार्यक्रम खासगी असल्यामुळे कायद्याचा हात तिथे पोहोचत नव्हता. वर्गात समता, पंगतीत विषमता, हे आपल्याला काही नवीन नाही.

ही गोष्ट जुनी आहे असे समजू नका. मिसिसिपीतील चार्ल्सटन या गावचा रहिवासी असलेला अभिनेता मॉर्गन फ्रीमन याने १९९७ मध्ये शाळेला सांगितले की प्रॉम एकत्र करणार असाल तर सगळा खर्च मी देतो. शाळेने ते मान्य केले २००८ मध्ये. त्या वर्षी एकत्र प्रॉम झाला, तरी काही गोऱ्या पालकांनी आपला वेगळा प्रॉम केलाच. जॉर्जिया राज्यातील टर्नर काउंटीत पहिला एकत्रित प्रॉम २००७ चा. त्याच राज्यातील विलकॉक्स काउंटीत तर २०१३ साल उजाडावे लागले. तिथे दोन गोऱ्या आणि दोन काळ्या मैत्रिणींनी मिळून स्वतः वर्गणी जमवली, शेजारच्या गावात हॉल घेतला आणि एकत्रित प्रॉम करून दाखवला. शाळेने काय केले? पुढच्या वर्षी, २०१४ मध्ये, स्वतःचा एकत्रित प्रॉम भरवला. चार मुलींनी एका वर्षात हलवले ते मोठ्यांच्या समित्यांना चाळीस वर्षांत हलवता आले नव्हते.

आता कपडे.

बोटांनी मोजलेले शरीर

अमेरिकेत बहुतेक सरकारी शाळांत आपल्यासारखा गणवेश नसतो. त्याऐवजी 'ड्रेस कोड' असतो, म्हणजे काय घालू नये याची यादी. मुलींसाठी ही यादी लांब असते. हात सरळ खाली सोडले तर स्कर्टची किंवा चड्डीची कड बोटांच्या टोकांच्या खाली आली पाहिजे. खांद्यावरचा पट्टा दोन किंवा तीन बोटे रुंद पाहिजे. पोट, पाठ, छातीची रेघ दिसता कामा नये. ज्या मुलीचे हात लांब, तिचा स्कर्ट आपोआप लांब ठरतो. ज्या मुलीचे अंग भरलेले, तिने तोच टॉप घातला तर तो 'अशोभनीय' ठरतो. म्हणजे नियम कापडाचा, शिक्षा शरीराची.

अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये शाळांच्या ड्रेस कोडवर एक अहवाल दिला. त्याच्या अंदाजानुसार ९० टक्क्यांहून जास्त शालेय जिल्ह्यांचे नियम साधारणपणे मुली घालतात अशा कपड्यांवर बंदी घालतात. मुलांच्या कपड्यांबाबत हे प्रमाण ६९ टक्के आहे. सुमारे ६० टक्के जिल्ह्यांत असे नियम आहेत, ज्यांची अंमलबजावणी करायची तर कोणा मोठ्या माणसाला विद्यार्थ्याचे शरीर किंवा कपडे मोजावे लागतात. शिक्षकाने पट्टी घेऊन चौदा वर्षांच्या मुलीची मांडी मोजायची, आणि याला शिस्त म्हणायचे! हाच अहवाल पुढे सांगतो की कडक नियम असलेल्या शाळांत काळ्या आणि हिस्पॅनिक मुलांचे प्रमाण जास्त आहे, आणि अशा शाळांत मुलांना वर्गाबाहेर काढणाऱ्या शिक्षाही जास्त होतात. नियम कागदावर सर्वांना सारखा असतो. तो कोणत्या शाळेत बनतो आणि कोणाच्या अंगावर वापरला जातो, तिथे फरक पडतो.

प्रॉमच्या रात्री हे सगळे अधिक तीव्र होते. कारण औपचारिक गाऊन हा मुळातच उघड्या खांद्यांचा, उघड्या पाठीचा पोशाख. बाजार मुलीला तसा गाऊन विकतो, मासिके तेच दाखवतात, आणि दारात शाळा तिला थांबवते. काही शाळा आधीच गाऊनचा फोटो मागवून मंजुरी देतात. मिशिगनमधील डिअरबॉर्न येथील एका कॅथलिक शाळेने २०१८ मध्ये झगझगीत रंगाचे 'शालीनता पोंचो' तयार ठेवले होते. ज्या मुलीचा ड्रेस पसंत पडणार नाही, तिने दारात तो अंगावर घ्यायचा आणि मग आत जायचे. कल्पना करा, महिनोन्महिने पैसे साठवून घेतलेला ड्रेस आणि त्यावर सगळ्यांना दिसेल असा कापडाचा शिक्का. २०२१ मध्ये फ्लोरिडातील सेंट जॉन्स काउंटीच्या एका हायस्कूलने वार्षिक स्मरणिकेतील ८० मुलींच्या फोटोंत संगणकावर छाती झाकणारे कापड चिकटवले. त्याच स्मरणिकेत पोहण्याच्या चड्डीतील मुलांचे फोटो जसेच्या तसे होते.

या सगळ्यामागे एकच युक्तिवाद दिला जातो: मुलांचे लक्ष विचलित होते. आम्हाला हा युक्तिवाद फार जुना वाटतो. मुलाच्या नजरेची जबाबदारी मुलीच्या पदरावर टाकण्याची रीत काही एकट्या अमेरिकेची नाही.

वर्गाचा मुद्दाही इथेच आहे. नवा गाऊन, भाड्याचा टक्सिडो, केशरचना, तिकीट, गाडी असा खर्च गरीब घराला झेपत नाही. त्यामुळे वापरलेले गाऊन गोळा करून गरजू मुलींना मोफत देणाऱ्या संस्था तिथे आहेत. 'बेकाज क्लोजेट' ही फ्लोरिडात एका शाळकरी मुलीच्या पुढाकारातून सुरू झालेली संस्था त्यांपैकी एक. चांगले काम आहे. पण मिळालेल्या गाऊनचा पट्टा तीन बोटांचा नसेल तर दुसरा आणणार कुठून?

कायदा काय म्हणतो

डिसेंबर १९६५ मध्ये आयोवा राज्यातील डी मॉइन शहरात काही शाळकरी मुलांनी व्हिएतनाम युद्धाचा निषेध म्हणून दंडाला काळ्या फिती बांधल्या. शाळेने त्यांना घरी पाठवले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६९ मध्ये टिंकर खटल्याचा निकाल ७ विरुद्ध २ अशा मतांनी मुलांच्या बाजूने लागला. शाळेच्या फाटकातून आत आल्यावर मुलांचे अभिव्यक्तिस्वातंत्र्य बाहेर राहत नाही, असे न्यायालयाने म्हटले. ते रोखायचे तर शाळेच्या कामात मोठा अडथळा येतो आहे किंवा येणार आहे, हे शाळेने दाखवले पाहिजे. नुसती भीती किंवा नापसंती पुरेशी नाही.

हा निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे, पण त्याच्या दोन मर्यादाही समजून घ्या. पहिली, तो फक्त सरकारी शाळांना लागू होतो, खासगी शाळांना नाही. डिअरबॉर्नची शाळा खासगी असल्याने तिथल्या मुलींना हा आधार नव्हता. दुसरी, काळी फीत हा स्पष्ट राजकीय संदेश होता. 'मला हा ड्रेस आवडतो' हा संदेश आहे का, यावर न्यायालये वेगवेगळे बोलली आहेत.

१९८० मध्ये ऱ्होड आयलंड राज्यात एका मुलाने आपल्या पुरुष जोडीदाराबरोबर प्रॉमला जाण्याची परवानगी मागितली. मुख्याध्यापकांनी नकार दिला. कारण दिले की इतर मुले हिंसा करतील. फ्रिक विरुद्ध लिंच या खटल्यात न्यायालयाने मुलाची बाजू घेतली: दुसरे दंगा करतील म्हणून शांतपणे येणाऱ्याचा हक्क काढून घेता येत नाही, बंदोबस्त करणे हे शाळेचे काम आहे. मिरवणुकीला परवानगी नाकारताना 'कायदा व सुव्यवस्था' हे शब्द ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना या निकालाचे मोल वेगळे सांगायला नको. पण सात वर्षांनी, १९८७ मध्ये, ओहायो राज्यात उलटे झाले. तिथे एक भाऊ मुलीच्या वेशात आणि बहीण मुलाच्या वेशात प्रॉमला आले. शाळेने त्यांना बाहेर काढले आणि न्यायालयाने शाळेला योग्य ठरवले. जोडीदार निवडणे ही अभिव्यक्ती, पण पोशाख निवडणे नाही, असा काहीसा विचित्र हिशेब झाला.

शिक्षणात लिंगभेद करता येणार नाही असे सांगणारा 'टायटल नाइन' हा कायदा १९७२ चा. १९७५ मध्ये त्याखाली केलेल्या नियमांत पेहरावाबाबतचा भेदभावही स्पष्टपणे धरला होता. रेगन सरकारने १९८२ मध्ये ती तरतूद काढून टाकली. त्यामुळे पुढची चाळीस वर्षे मुलींना हा मुद्दा दरवेळी नव्याने सिद्ध करावा लागला. नॉर्थ कॅरोलिनातील एका चार्टर शाळेने मुलींना स्कर्टच सक्तीचा केला होता. संस्थापकांचे म्हणणे असे की स्त्री नाजूक असते, तिला पुरुषांनी जपायचे असते आणि स्कर्टमुळे मुले ते शिकतात. थंडीत कुडकुडणाऱ्या, मैदानात पळताना, जमिनीवर बसताना अवघडणाऱ्या मुलींनी २०१६ मध्ये पालकांसोबत खटला भरला. जून २०२२ मध्ये चौथ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने स्कर्टसक्ती घटनाबाह्य ठरवली, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळेची याचिका ऐकण्यास नकार दिला. पहिली-दुसरीत असताना ज्यांच्यावर ही सक्ती झाली त्या मुली निकाल लागेपर्यंत किती मोठ्या झाल्या असतील, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

आणि निकाल जिंकूनही दार उघडतेच असे नाही. मिसिसिपीतील फुल्टन येथे २०१० मध्ये कॉन्स्टन्स मॅकमिलन या मुलीने टक्सिडो घालून आपल्या मैत्रिणीसोबत प्रॉमला येण्याची परवानगी मागितली. शाळेने संपूर्ण प्रॉमच रद्द केला. न्यायालयाने सांगितले की तिच्या हक्काचा भंग झाला आहे. पण पालक खासगी प्रॉम करत आहेत आणि तिलाही बोलावले आहे, असे सांगण्यात आल्यामुळे शाळेला प्रॉम घेण्याचा आदेश दिला नाही. ती दिलेल्या पत्त्यावर गेली तेव्हा तिथे सगळे मिळून सात जण होते. बाकी सगळा वर्ग दुसऱ्याच ठिकाणी नाचत होता. पुढे शालेय जिल्ह्याने तिला ३५,००० डॉलर दिले आणि भेदभावविरोधी धोरण स्वीकारले. १९७० मध्ये काळ्या मुलांना टाळण्यासाठी वापरलेली खासगी प्रॉमची युक्ती इथे चाळीस वर्षांनी दुसऱ्या कोणासाठी उपयोगी पडली, हे विसरता येत नाही.

ध्वजाचा गाऊन

स्वातंत्र्याच्या बाजूने बोलताना एक अवघड प्रकरणही समोर ठेवले पाहिजे. २००४ मध्ये केंटकी राज्यात एका गोऱ्या मुलीने कॉन्फेडरेट ध्वजाचा चमचमता गाऊन शिवून घेतला. हा गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या राज्यांचा ध्वज. शाळेच्या अधिकाऱ्यांनी तिला प्रॉमच्या दारातच थांबवले आणि तिने शाळेवर दावा लावला. हा माझा वारसा आहे, असे तिचे म्हणणे. मग टिंकरचे तत्त्व तिलाही लागू का नाही?

अमेरिकन न्यायालयांनी अशा प्रकरणांत बहुधा परिस्थिती पाहिली आहे. ज्या शाळांत आधी वांशिक मारामाऱ्या, धमक्या झाल्या आहेत तिथे या ध्वजावरील बंदी टिकली. आम्हाला ही कसोटी अपुरी वाटते. कारण ज्या गावात काळी मुले निमूटपणे सहन करतात तिथे 'अडथळा' दिसतच नाही आणि ध्वज चालून जातो. ज्याने काळी फीत बांधली त्याने सत्तेला प्रश्न विचारला. ज्याने हा ध्वज अंगावर घेतला त्याने शेजारच्या बाकावरील मुलाला त्याची 'जागा' दाखवली. दोन्ही अभिव्यक्ती आहेत, पण दोन्हींचा भार सारखा नाही. आमच्या गटात यावर एकमत नाही, हेही सांगून टाकतो. काही साथींचे म्हणणे असे की बंदीचे हत्यार शाळेच्या हातात दिले की ते आधी आपल्याच मुलांवर चालते.

याच्या अगदी उलट चित्र २०१५ चे. न्यू जर्सीतील ईस्ट ऑरेंज येथील एका काळ्या विद्यार्थिनीने आफ्रिकन नक्षीचा झळाळता गाऊन स्वतः रेखाटला आणि तो घालून प्रॉमला गेली. ज्या रूपावरून तिला चिडवले जात होते तेच तिने मिरवले, आणि ती प्रॉम क्वीन झाली. त्यानंतर आफ्रिकन कापडाचे गाऊन प्रॉममध्ये सर्रास दिसू लागले.

केसांचे मात्र अजून मिटलेले नाही. काळ्या लोकांच्या नैसर्गिक केशरचनांना, म्हणजे वेण्या, लॉक्स, आफ्रो यांना संरक्षण देणारा 'क्राउन' कायदा प्रथम कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये केला. टेक्ससमध्ये ह्यूस्टनजवळच्या एका शालेय जिल्ह्याने २०२० मध्ये एका काळ्या विद्यार्थ्याला लॉक्स कापल्याशिवाय पदवीदान समारंभात येता येणार नाही असे सांगितले, त्यावर देशभर गदारोळ झाला. टेक्ससमध्येही तसा कायदा आला आणि सप्टेंबर २०२३ पासून लागू झाला. त्याच महिन्यात त्याच जिल्ह्यात दुसऱ्या मुलाला वर्गाबाहेर बसवले गेले, आणि ही शिक्षा कित्येक महिने चालली. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधीशांनी निर्णय दिला की कायदा केशरचनेला संरक्षण देतो, केसांच्या लांबीबद्दल तो काही बोलत नाही, म्हणून शाळेचा नियम कायदेशीर आहे. विधेयकाच्या मसुद्यावर काम करणाऱ्या आपल्या वकील मित्रांनी हे प्रकरण जरूर वाचावे.

आपल्याकडे पाहताना

बाबासाहेबांनी २७ डिसेंबर १९२७ रोजी महाडला स्त्रियांसमोर जे भाषण केले त्यात लुगडे कसे नेसायचे हा मुद्दा होता. तुमच्या नेसण्याच्या पद्धतीवरून, अंगावरच्या जाडजूड दागिन्यांवरून तुमची अस्पृश्यता ओळखली जाते, ती खूण टाकून द्या, असे त्यांनी सांगितले, आणि स्त्रियांनी लगेच नेसण्याची पद्धत बदलली. हा ड्रेस कोड नव्हता. वरून लादलेला ड्रेस कोड मोडण्याचा तो कार्यक्रम होता.

अमेरिकेतील काळ्या चळवळीतही हा धागा आहे. १९६० मध्ये ग्रीन्सबरोच्या उपाहारगृहात 'फक्त गोऱ्यांसाठी' असलेल्या काउंटरवर बसलेले विद्यार्थी व्यवस्थित कपड्यांत होते. कडक इस्त्रीचे कपडे हे त्यांचे हत्यार होते. पण पुढच्या पिढीने विचारले की सूट घातला तरच माणूस समजणार का? आफ्रो आणि काळे जाकीट घातलेल्या ब्लॅक पँथरांचे उत्तर वेगळे होते, आणि त्यांच्याच नावावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली.

हा वाद आपल्या घरातही आहे. बुद्ध जयंतीला, वंदनेला पांढरी वस्त्रे घालण्याची प्रथा सुंदर आहे. पण फाटकी जीन्स किंवा आखूड टॉप घातलेल्या मुलीला विहाराच्या दारातच दोन शब्द सुनावणारे ज्येष्ठही आम्ही पाहतो. मुलाला कोणी काही म्हणत नाही. ती मुलगी पुढच्या रविवारी येत नाही आणि मग आपण तरुणाई येत नाही म्हणून सभा घेतो.

पर्याय नाहीत असे नाही. ओरेगन राज्यातील पोर्टलंडच्या सरकारी शाळांनी २०१६ मध्ये आणि शिकागोजवळच्या इव्हान्स्टनच्या हायस्कूलने २०१७ मध्ये नियम नव्याने लिहिले. नव्या नियमांचा गाभा थोडक्यात असा: अंगावर वरचे वस्त्र, खालचे वस्त्र आणि पायांत काही असावे, खासगी अवयव झाकलेले असावेत, कपड्यांवर द्वेष, हिंसा किंवा नशेचा प्रचार नसावा. पट्ट्याची रुंदी नाही, बोटांचे माप नाही, मुलगा-मुलगी असे वेगळे रकाने नाहीत. शिवाय एक सूचना विद्यार्थ्यांसाठी नव्हे, कर्मचाऱ्यांसाठी आहे: कपड्यांवरून कोणालाही चारचौघांत लाजवायचे नाही. पोर्टलंडमध्ये हे नियम बदलण्याच्या कामात विद्यार्थी स्वतः सहभागी होते.